सैन्यातील सामूहिक व्यायाम-आव्हाने व मानसिक आरोग्य

सैनिक व माजी सैनिक यांनी गटाने एकत्र येऊन, ठरलेल्या मुदतीत पुरे करावयाचे शारीरिक श्रमाचे एखादे उद्दिष्ट स्वीकारणे आणि त्या निमित्ताने परस्परांचे मानसिक स्वास्थ्य जपणे किंवा त्या प्रश्नाकडे समाजाचे लक्ष वेधणे, अशा उपक्रमांना सामूहिक व्यायाम-आव्हाने असे म्हणता येईल. जोर, बैठका, लांब पल्ल्याची धाव, पाठीवर ओझे घेऊन केलेली मजल ही त्यांची नेहमीची रूपे होत. सैन्यातील रोजची कवायत व शारीरिक प्रशिक्षण यांपासून ती दोन बाबतींत वेगळी आहेत : त्यांतील सहभाग निदान तत्त्वतः ऐच्छिक असतो आणि त्यांचा हेतू लढाऊ क्षमता वाढविणे हा नसून सैनिकाला एकटे पडू न देणे हा असतो. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, विशेषतः अमेरिकेत व ब्रिटनमध्ये, ती फार लोकप्रिय झाली. उपचार, सोबत व प्रचार अशी तीन निरनिराळी कामे या एकाच नावाखाली चालतात. त्यांची गल्लत झाल्यामुळे या उपक्रमांविषयी अवास्तव अपेक्षा आणि तितकीच अवास्तव टीका असे दोन्ही आढळते.

पूर्वपीठिका : श्रमाने मन सावरते ही समजूत जुनी असली, तरी सैनिकांच्या मनोविकारांवर तिचा पद्धतशीर प्रयोग पहिल्या महायुद्धाच्या काळात झाला. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स (१८७३–१९४६) या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय नियतकालिकात प्रथम वापरली. पुढील वर्षी एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथे अशा अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय उघडण्यात आले. तेथील एक डॉक्टर आर्थर ब्रॉक (१८७९–१९४७) यांच्या मते रुग्णाचा मूळ आजार म्हणजे भोवतालच्या जगाशी तुटलेले नाते हा होता. हे नाते कृतीनेच पुन्हा जोडता येईल, असे मानून ते रुग्णांना फिरावयास पाठवीत, निसर्गनिरीक्षणाचे मंडळ चालवावयास लावीत, शेजारच्या शाळेत शिकविण्यास धाडीत. जमिनीला पाय टेकताच ज्याचे बळ परत येई, त्या ग्रीक पुराणातील अँटीअस या राक्षसाचा दाखला ते देत असत. कवी विल्फ्रेड ओएन हा १९१७ मध्ये ब्रॉक यांचाच रुग्ण होता आणि रुग्णालयाच्या पत्रिकेचे संपादन हा त्याच्या उपचाराचा भाग होता. उपचार यशस्वी झाला. ओएन पुन्हा आघाडीवर गेला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धसमाप्तीच्या एक आठवडा आधी, मारला गेला. सैनिकाचे मन दुरुस्त करण्यामागे सैनिकाखेरीज दुसऱ्या कोणाचाही हेतू असू शकतो, ही अडचण तेव्हापासून या विषयाला चिकटलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या समाजशास्त्रीय अभ्यासांनी दुसरी बाजू पुढे आणली. एडवर्ड शिल्स व मॉरिस जॅनोविट्झ यांनी १९४८ मध्ये जर्मन सैन्याविषयी आणि सॅम्युएल स्टाउफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये अमेरिकन सैन्याविषयी जे निष्कर्ष मांडले, त्यांचा रोख एकच होता : सैनिकाला टिकवून धरणारी गोष्ट ध्येयवाद ही नसून रोज बरोबर जेवणाऱ्या, झोपणाऱ्या व चालणाऱ्या पाचदहा माणसांचा गट ही होय. या निष्कर्षाचा उलटा अर्थ मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला. सेवानिवृत्तीच्या, बदलीच्या किंवा जखमी होऊन परतण्याच्या दिवशी सैनिक नोकरीबरोबर हा गटही गमावतो.

जखमी सैनिकांच्या बाबतीत खेळाचा उपयोग करून ही पोकळी भरण्याचा प्रयत्न लूटव्हिख गुटमान (१८९९–१९८०) यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात केला. २९ जुलै १९४८ रोजी तेथे झालेल्या धनुर्विद्येच्या सामन्यात १६ जखमी स्त्री-पुरुष सैनिकांनी भाग घेतला होता. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक क्रीडासामने उदयास आले. सांगली जिल्ह्यातील पेठ येथील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. पूर्वी मुष्टियोद्धे असलेल्या पेटकरांनी उपचार म्हणून पोहणे सुरू केले आणि १९७२ मध्ये हायडल्‌बर्ग येथील पॅरालिंपिक सामन्यांत ५० मी. मुक्तशैली जलतरणात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. जखमी सैनिकांसाठी २०१४ मध्ये लंडन येथे सुरू झालेले इन्व्हिक्टस सामने हे गुटमान यांच्या याच परंपरेतील होत.

सांघिक मजलेची परंपरा याहून निराळी आहे. नेदर्लंड्समधील नाइमेखन येथील ‘चार दिवसांची चाल’ १९०९ पासून भरते. तिची सुरुवात प्रामुख्याने सैनिकांसाठी झाली. आज तीत नागरिकांची संख्या कितीतरी अधिक असली, तरी अनेक देशांच्या सैनिकी तुकड्या किमान १० किग्रॅ. ओझे घेऊन रोज ४० किमी. याप्रमाणे चार दिवस चालतात. तुकडीने एकत्र निघावयाचे व एकत्र पोहोचावयाचे असते. त्यामुळे पायाला फोड आलेल्या गड्याचा वेग हाच साऱ्यांचा वेग ठरतो. व्यायाम-आव्हानांपैकी पुष्कळशांना जे साधत नाही, ते या साध्या नियमामुळे साधते.

शरीर, गट आणि संकोच : एकत्र व तालात केलेल्या श्रमाचा मनावर काही विशेष परिणाम होतो, असे मानण्यास आधार आहे. अमेरिकन इतिहासकार विल्यम मॅकनील (१९१७–२०१६) यांना १९४१ मध्ये टेक्ससमधील एका छावणीत तासन्‌तास कवायत करावी लागली. कवायत निरर्थक वाटत असूनही तीत एक अनामिक उल्हास जाणवतो, हा अनुभव त्यांच्या मनात घर करून राहिला. अर्धशतकानंतर, १९९५ मध्ये, त्यांनी कवायत व नृत्य यांतून निर्माण होणाऱ्या या ‘स्नायुबंधा’वर ग्रंथ लिहिला. ऑक्सफर्ड विद्यापीठातील वल्हेकऱ्यांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात सारखेच श्रम एकट्याने केल्यावर व गटाने केल्यावर वेदना सहन करण्याची मर्यादा मोजली गेली. गटाने वल्ही मारल्यानंतर ती अधिक वाढलेली आढळली. वारीत टाळमृदंगाच्या ठेक्यावर चालणाऱ्यास किंवा लेझीम खेळणाऱ्यास हे सांगण्याची आवश्यकता नाही.

सैनिकाच्या बाबतीत याहून महत्त्वाचे कारण म्हणजे संकोच. इराक व अफगाणिस्तान येथून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची एक मोठी पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मानसिक विकाराची लक्षणे असलेल्यांपैकी केवळ २३ ते ४० टक्के सैनिकांनीच मदत घेतली होती. आपल्याला दुबळे समजले जाईल, वरिष्ठ निराळ्या नजरेने पाहतील, ही भीती ज्यांना मदतीची सर्वांत अधिक गरज होती त्यांच्यातच इतरांच्या सु. दुप्पट होती. अशा माणसाला मानसोपचारतज्ञाच्या खोलीचा दरवाजा ओलांडणे अवघड जाते. पहाटे दहा किमी. चालावयास ये, असे म्हटल्यावर त्याला नकार देण्याचे कारण नसते. समोरासमोर बसून डोळ्याला डोळा भिडवून जे बोलता येत नाही, ते खांद्याला खांदा लावून, रस्त्याकडे पाहत बोलता येते. व्यायाम हे येथे औषध असण्यापेक्षा निमित्त अधिक असते, आणि ते सैनिकाच्या स्वाभिमानाला न दुखविणारे निमित्त असते.

आत्महत्येच्या कारणांविषयी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या उपपत्तीत ‘आपण कोणाचेच नाही’ आणि ‘आपण इतरांवर भार आहोत’ या दोन भावनांना मध्यवर्ती स्थान आहे. चांगला गट या दोहोंना उत्तर देतो. पहिलीला तो उघडच देतो. दुसरीला देण्यासाठी मात्र गटात त्या माणसाच्या वाट्याला काही काम असावे लागते. पाण्याची व्यवस्था, नवख्याला सोबत, वेळेची नोंद यांसारखी कामे म्हणूनच क्षुल्लक मानू नयेत.

बावीस जोरांचे आव्हान : या प्रकारच्या उपक्रमांत सर्वाधिक प्रसिद्धी पावलेला उपक्रम म्हणजे अमेरिकेतील ‘बावीस पुश-अप आव्हान’ होय. एका माजी सैनिक-हितैषी संस्थेच्या पुढाकाराने २०१३ नंतर ते पसरले व २०१६ च्या सुमारास जगभर पोहोचले. भाग घेणाऱ्याने २२ दिवस रोज २२ जोर काढावयाचे, त्याचे चलच्चित्र समाजमाध्यमांवर ठेवावयाचे आणि रोज दुसऱ्या कोणास तरी आव्हान द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. सर्वांनी मिळून दोन कोटी वीस लाख जोर काढण्याचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले होते. चित्रपट-अभिनेते, खेळाडू व राजकारणी यांनी त्यात भाग घेतला.

२२ हा आकडा कोठून आला, हे पाहणे उद्‌बोधक आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक व्यवहार खात्याचा २०१२ सालचा अहवाल २०१३ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. त्यात दररोज सरासरी २२ माजी सैनिक आत्महत्या करतात असा अंदाज होता. ही मृत्युपत्रकांवरून केलेली गणना होती आणि ती केवळ २१ राज्यांपुरती होती. पुढे सर्व राज्यांची आकडेवारी मिळाल्यावर २०१४ या वर्षासाठी हा आकडा २० असा देण्यात आला, परंतु त्यात सेवेतील व राखीव दलांतील सैनिकही धरलेले होते. त्यांना वगळून काढलेली माजी सैनिकांची दैनिक सरासरी २०२२ या वर्षासाठी १७.६ होती. आकडा घटला म्हणून प्रश्न सुटला असे नाही, कारण माजी सैनिकांतील आत्महत्यांचे प्रमाण इतर प्रौढांच्या मानाने अधिकच राहिले. महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मूळ अहवालातील आत्महत्या केलेल्या माजी सैनिकांपैकी सु. ७० टक्के वयाची पन्नाशी ओलांडलेले होते. उपक्रमाच्या चित्रांत दिसत ते मात्र अफगाणिस्तान-इराकमधून परतलेले पीळदार शरीराचे तरुण. ज्याच्यासाठी हे सारे चालले होते तो बहुधा साठीचा, गुडघे दुखणारा, व्हिएटनाम युद्धाच्या पिढीतील एकटा गृहस्थ होता. त्याला २२ जोर काढता येणे कठीणच, आणि त्याच्या दारात कोणी आलेही नव्हते.

प्रचार म्हणून हे आव्हान यशस्वी झाले यात शंका नाही. ज्या विषयावर बोलणे टाळले जात असे, तो घराघरांत बोलला गेला. परंतु त्याचे नाव सामूहिक असले, तरी रूप एकाकी होते : एक माणूस, एक कॅमेरा आणि पाहणाऱ्यांची अदृश्य रांग. बाविसाव्या दिवशी ते संपत असे आणि तेविसाव्या दिवसाची योजना कोणाकडेच नसे. शिवाय आत्महत्या ही सैनिकांच्या बाबतीत जणू नित्याची व अटळ गोष्ट आहे, असा ग्रह अशा आकड्यांच्या सततच्या उच्चाराने होण्याचा धोका असतो. आत्महत्येसंबंधीचे वृत्त देताना पाळावयाच्या संकेतांत याविषयी स्पष्ट इशारा असतो. या उपक्रमातून निघालेला, दर महिन्याच्या २२ तारखेस एखाद्या जुन्या सहकाऱ्यास दूरध्वनी करण्याचा प्रघात साधा व घाम न गाळावा लागणारा आहे, आणि तोच बहुधा अधिक उपयुक्त ठरावा.

याला संशोधनाचाही आधार आहे. जेरोम मोटो या सॅन फ्रॅन्सिस्को येथील मनोविकारतज्ञांनी, रुग्णालयातून बाहेर पडल्यावर पुढील उपचार नाकारणाऱ्या रुग्णांपैकी काहींना वर्षानुवर्षे चार ओळींची साधी पत्रे पाठविली. त्यांत उपदेश नसे, मागणी नसे. केवळ आठवण असल्याचे कळविलेले असे. पत्रे मिळालेल्या गटात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण कमी आढळले, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष आजही उल्लेखिले जातात.

बावीस जोरांच्या आव्हानाशी बरेचदा ज्याची गल्लत केली जाते, ते ‘मर्फ’ हे आव्हान वस्तुतः स्मरणविधी आहे. २८ जून २००५ रोजी अफगाणिस्तानात मारले गेलेले अमेरिकन नौदलाचे लेफ्टनंट मायकेल मर्फी यांच्या आवडीचा व्यायामक्रम मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी, हुतात्मा सैनिकांच्या स्मरणदिनी, ठिकठिकाणी गटाने केला जातो. एक मैल धाव, १०० पुल-अप, २०० जोर, ३०० बैठका व पुन्हा एक मैल धाव, तीही सु. ९ किग्रॅ. वजनाचे जाकीट घालून, असा तो क्रम आहे. शोकाला शरीराच्या द्वारे वाट देण्याचा हा प्रकार असून त्याची जातकुळी उपचारापेक्षा श्राद्धाशी अधिक जुळते.

नियमित गट : एकवेळच्या आव्हानापेक्षा आठवड्यातून ठराविक वारी भरणारे गट अधिक टिकाऊ असतात. अमेरिकेत २०१० मध्ये स्थापन झालेली ‘टीम रेड, व्हाइट अँड ब्लू’ ही संस्था माजी सैनिक व नागरिक यांना एकत्र धावण्या-चालण्यास बोलाविते. नागरिकांना सामावून घेणे हा तिचा विशेष होय, कारण माजी सैनिकाला पुढील आयुष्य नागरिकांतच काढावयाचे असते. अमेरिकन भूसेनेनेही २०२० मध्ये स्वीकारलेल्या आरोग्यविषयक नव्या नियमपुस्तिकेत शारीरिक क्षमता, आहार, मन, अध्यात्म व झोप या पाच अंगांचा एकत्र विचार केला आहे. झोपेचा अधिकृत पुस्तिकेत झालेला हा समावेश विशेष स्वागतार्ह म्हणावा लागेल, कारण अपुऱ्या झोपेवर पहाटेच्या धावेचा उतारा देण्याची रीत सैन्यात पूर्वापार आहे.

परिणामकारकता : विषादावर व्यायामाचा इष्ट परिणाम होतो, हे आता चांगल्या रीतीने प्रस्थापित झाले आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१८ चाचण्यांच्या एका एकत्रित समीक्षेत चालणे वा संथ धावणे, योगासने आणि स्नायुबळाचे व्यायाम हे विशेष गुणकारी आढळले. सैनिकांपुरत्या मर्यादित चाचण्या मात्र बहुधा लहान आहेत. सामूहिक आव्हानांमुळे आत्महत्या कमी होतात, असे सिद्ध झालेले नाही. आघातोत्तर तणाव विकृतीवर प्रस्थापित मानसोपचार उपलब्ध आहेत आणि व्यायाम हा त्यांना पर्याय नसून जोड आहे. सर्व सैनिकांची मानसिक क्षमता एकाच साच्याच्या प्रशिक्षणाने वाढविण्याचा जो कार्यक्रम अमेरिकन भूसेनेने २००९ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू केला, त्याच्या उपयुक्ततेविषयी तेथील वैद्यकीय अकादमीच्या समितीनेच २०१४ मध्ये शंका व्यक्त केली होती. भाग घेणाऱ्यांची संख्या मोजणे सोपे असते. बरे वाटू लागलेल्यांची संख्या मोजणे तसे नसते. त्यामुळे अहवालांत पहिलीच दुसरीच्या जागी बसते.

धोके : उष्माघात आणि अतिश्रमाने होणारे स्नायूंचे विघटन हे शारीरिक धोके सर्वश्रुत आहेत. नाइमेखन येथे जुलै २००६ मध्ये पहिल्याच दिवशी उष्णतेमुळे दोघांचा मृत्यू झाल्याने उर्वरित चाल रद्द करावी लागली. विघटनाचा धोका सराव नसताना एकाएकी शेकडो आवर्तने करणाऱ्यास अधिक असून गडद रंगाची लघवी हे त्याचे लक्षण दिसताच रुग्णालय गाठणे आवश्यक असते. मानसिक धोके तितकेसे परिचित नाहीत. ज्याला व्यायाम जमत नाही, तोच बहुधा सर्वांत अधिक संकटात असतो. पाठीची दुखापत होऊन हलक्या कामावर टाकलेल्या जवानाला सहकारी मैदानावर आणि आपण बराकीत, ही स्थितीच त्याच्या दुःखाचा भाग असते. सहभागाच्या नियमात त्याला जागा नसेल, तर आव्हान त्याचे एकटेपण वाढविते. काही जण उलट व्यायामात दडी मारतात. रोज अधिकाधिक अंतर धावणारा माणूस बरा होत आहे की पळत आहे, हे दुरून सांगता येत नाही. आणि सैन्यात ‘ऐच्छिक’ या शब्दाला फारसे वजन नसते. कमांडिंग अधिकाऱ्याने ऐच्छिक उपक्रमाची हजेरी मागविली की तो उपक्रम राहत नाही, आणखी एक परेड होते.

भारतातील स्थिती : भारतीय सेनादलांत सकाळचे शारीरिक प्रशिक्षण, संध्याकाळचे खेळ व कंपन्यांमधील स्पर्धा यांची दीर्घ परंपरा असून योगासने व ध्यान यांचाही दैनंदिन कार्यक्रमात समावेश करण्यात आला आहे. समुपदेशकांची नेमणूक, मदतीसाठी दूरध्वनी व रजेच्या धोरणातील सवलती हे शासनाने योजिलेले अन्य उपाय होत. युद्धात पक्षाघात झालेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पुनर्वसन केंद्र असून तेथे चाकाच्या खुर्चीवरील खेळांना महत्त्वाचे स्थान आहे. जवानांच्या आत्महत्यांची जी कारणे संसदेत वेळोवेळी सांगण्यात आली आहेत, त्यांत घरगुती अडचणी, वैवाहिक बेबनाव व आर्थिक विवंचना प्रामुख्याने येतात. गावी भावकीने बांध कोरला असेल, सातबाऱ्यावरचे नाव अडले असेल किंवा पत्नीच्या आजारपणात रजा मिळत नसेल, तर शंभर जोर काढून त्याचा निकाल लागत नाही. तेथे वेळेवर मिळालेली रजा, तहसीलदाराला गेलेले पत्र व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने केलेला पाठपुरावा हेच मानसिक आरोग्याचे उपाय ठरतात. सामूहिक व्यायामाचे काम इतकेच की, ही अडचण जवानाच्या तोंडून वेळेत बाहेर पडावी.

महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर इ. जिल्ह्यांत निवृत्त सुभेदार-हवालदार गावातील मुलांना सैन्यभरतीच्या तयारीसाठी पहाटे मैदानावर पळविताना दिसतात. या वर्गांना मानसिक आरोग्याचा उपक्रम असे कोणी म्हणत नाही व चालविणाऱ्यांनाही ते आवडणार नाही. तथापि निवृत्तीनंतर एकाएकी रिकाम्या झालेल्या माणसाला पहाटे साडेचारला उठण्याचे कारण, नावाने ओळखणारी वीस-पंचवीस मुले आणि तेथे जमणारे दोन-चार जुने सहकारी त्यांमुळे मिळतात. एखादे दिवशी मास्तर मैदानावर आले नाहीत, तर सकाळी सातच्या आत कोणीतरी त्यांच्या घरी चौकशीला गेलेले असते.